समुद्रातली मोजणी आणि आपण

शेतात असाल, चुलीपुढं असाल, नाहीतर गटाच्या बैठकीला जमल्या असाल, तिथून ऐका. आज आम्ही समुद्रातल्या जिवांबद्दल बोलणार आहोत. डॉल्फिन, देवमासा आणि त्यांचे भाऊबंद मासेमारीच्या जाळ्यांत कसे मरतात, किती मरतात आणि ते किती हे कसं मोजतात, असा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, बीड जिल्ह्याला समुद्र कुठं आहे? खरं आहे. आपल्यापासून समुद्र साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब. आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो टीव्हीवरच पाहिलाय. पण आठवडी बाजारात सुकट, जवळा, सुके बोंबील आपण घेतोच की. भाकरीबरोबर सुकटीची चटणी झाली की कालवणाची गरज राहत नाही. तो जवळा आणि ते बोंबील कोकणच्या दर्यातून येतात. तिथं कुणीतरी जाळं टाकतं, आणि कुणीतरी कोळीण ते वाळवून, निवडून, पोत्यात भरून पाठवते. म्हणजे ताटातून आपला समुद्राशी संबंध आहे.

पाण्यातूनही आहे. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला मिळते, मांजराही पुढं जाऊन गोदावरीलाच मिळते. आष्टीकडची सीना भीमेत आणि भीमा कृष्णेत जाते. आपल्या जिल्ह्याचं सगळं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. ओढ्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी कुठं जाते, याचा विचार करायला एवढं पुरे.

आता आधी हे जीव कोण, ते समजून घेऊ. डॉल्फिनला आपण मासा म्हणतो, देवमाशाच्या नावातच मासा आहे. पण ते मासे नाहीत. माशाला कल्ले असतात, तो पाण्यातच श्वास घेतो. डॉल्फिनला आपल्यासारखी फुप्फुसं असतात. त्याला दर थोड्या वेळानं वर येऊन हवा घ्यावी लागते. मादी अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देते आणि आपल्या म्हशीसारखं अंगावरचं दूध पाजते. म्हणून त्यांना सस्तन प्राणी म्हणतात.

भारताच्या समुद्रात अशा सस्तन प्राण्यांच्या पंचवीसहून अधिक जाती आहेत. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ दोन जाती जास्त दिसतात. एक पाठीवर उंचवटा असलेला कुबडा डॉल्फिन. हा किनाऱ्याला धरून राहतो, खोल समुद्रात फारसा जात नाही. जगातल्या तज्ज्ञांनी त्याला संकटात असलेल्या जातींच्या यादीत घातलंय. दुसरा फिनलेस पॉर्पॉइज. हा डॉल्फिनचा छोटा चुलतभाऊ, पाठीवर पर नसलेला, लाजरा, पटकन न दिसणारा. त्याचीही संख्या घटतेय असं मानतात. शिवाय खोल पाण्यातले देवमासे कधीमधी किनाऱ्याला लागतात. जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत जुहूच्या वाळूवर मोठा मेलेला देवमासा आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं होतं. लोकांनी रात्रंदिवस खपून, ओलं कापड टाकून, ते पुन्हा पाण्यात नेलं. तरी ते वाचलं नाही. टीव्हीवर ते पाहताना आपल्यातल्याही कितीजणींचे डोळे भरून आले होते.

देशाचा कायदा या जिवांच्या बाजूनं आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन आणि देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मग ते मरतात कसे? त्यांना मारायला सहसा कुणी जात नाही. ते माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात अडकतात.

जाळी अनेक तऱ्हेची असतात. एक जाळं पाण्यात पडद्यासारखं उभं सोडतात. नायलॉनचा धागा इतका बारीक की पाण्यात दिसत नाही. मासा डोकं घालतो आणि कल्ल्यात अडकतो. डॉल्फिन त्याच माशामागं येतो आणि त्याचं शेपूट नाहीतर पर गुंततं. वर येता आलं नाही की हवा मिळत नाही, आणि पाण्यात जन्मलेला जीव पाण्यातच गुदमरून मरतो. त्याला काही मिनिटं पुरतात. तांडेल जाळं ओढायला येतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. दुसरं ट्रॉलरचं जाळं. ते मोठ्या पिशवीसारखं समुद्राच्या तळावरून ओढत नेतात, वाटेत येईल ते त्यात जातं. तिसरं पर्ससीन. त्यात माशांच्या अख्ख्या थव्याला घेरून खालून दोरी आवळतात, जशी आपण बटव्याची नाडी आवळतो. चौथं डोल जाळं. ते भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवतात, बोंबील आणि जवळा बहुतेक त्यातच येतो.

सगळी जाळी सारखी नाहीत. कुठल्या जाळ्यात कोण, किती आणि कुठल्या महिन्यात अडकतं, हे कळल्याशिवाय दोष कुणाला द्यायचा आणि उपाय काय करायचा, हे ठरत नाही. म्हणून मोजणी लागते.

आता समुद्रात मोजायचं कसं? शेळ्या दावणीला बांधलेल्या असतात, सकाळ-संध्याकाळ मोजता येतात. डॉल्फिन घटकेत वर येतो आणि घटकेत बुडतो. एकच डॉल्फिन दोनदा मोजला गेला तर? पाण्याखाली होता म्हणून सुटला तर? यासाठी अभ्यासकांनी काही रीती बसवल्यात.

पहिली रीत अशी. नकाशावर सरळ रेघा आखायच्या आणि त्या रेघांवरून बोट न्यायची. दोन्ही बाजूंना माणसं बसतात. डॉल्फिन दिसला की तो रेघेपासून किती लांब होता, ते लिहितात. जवळचे बहुतेक दिसतात, लांबचे सुटतात. किती सुटले असतील याचा हिशोब त्या अंतरावरून काढता येतो.

दुसरी रीत आपल्याला लगेच पटेल. आपण शेळ्या कशा ओळखतो? एकीचा कान फाटका, एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका. तसंच डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराला चिरा, खाचा, व्रण असतात. प्रत्येकाचा पर वेगळा. फोटो काढून ठेवायचे. पुढच्या फेरीत पुन्हा फोटो काढायचे आणि त्यातले जुने किती, नवे किती ते बघायचं. बहुतेक जुनेच दिसले तर कळप लहान आहे. दरवेळी नवेच दिसले तर कळप मोठा आहे.

तिसरी रीत म्हणजे विचारणं. रोज समुद्रात जाणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं, ते पाहुण्याला एका फेरीत कळत नाही. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर कोकण सिटेशियन रिसर्च टीम या अभ्यासकांच्या गटानं डॉल्फिनच्या पाहणीबरोबर गावोगावच्या मच्छीमारांना भेटून विचारलं. डॉल्फिन कुठं दिसतात, कधी दिसतात, जाळ्यात येतात का, त्रास देतात का? या कामातून तिथल्या डॉल्फिनची आणि मच्छीमारांच्या अडचणींचीही माहिती जमली.

चौथी रीत किनाऱ्यावर लागलेल्या मृत जिवांची नोंद. पण ती अपुरी असते, कारण समुद्रात मेलेले कितीतरी जीव तळाला जातात, वाहून जातात, किनाऱ्याला लागतच नाहीत. पाचवी रीत म्हणजे बोटीवरच नोंद ठेवणारा माणूस किंवा कॅमेरा ठेवणं. ती सगळ्यात खरी आणि सगळ्यात महागही.

नद्यांमध्ये असं मोठं काम आपल्या देशात झालंय. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांच्या उपनद्यांमधला डॉल्फिन हा आपला राष्ट्रीय जलचर. आठ राज्यांतल्या अठ्ठावीस नद्यांमध्ये, साडेआठ हजार किलोमीटर फिरून त्यांची मोजणी केली. मार्च २०२५ मध्ये आकडा जाहीर झाला, तो ६,३२७ नदी-डॉल्फिनचा. नदीला दोन काठ असतात. समुद्राला एकच काठ, म्हणून तिथलं काम जास्त अवघड. तरी कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, आणि मुंबईत मुख्यालय असलेला भारतीय मत्स्य सर्वेक्षण विभाग यांनी देशाच्या समुद्रात सस्तन प्राण्यांच्या मोजणीचं काम हाती घेतलंय.

बरं, मोजले. पुढं काय? इथं आम्ही एक हिशोब सांगतो. तो समजला की सगळा विषय समजला.

आपल्याकडची उस्मानाबादी शेळी घ्या. दोन वर्षांत साधारण तीनदा विते, आणि बऱ्याचदा जुळी देते. दहा शेळ्या असतील तर दरवर्षी काही बोकड विकले, एखादी शेळी विकली, तरी कळप तेवढाच राहतो. कारण जन्म भरपूर. आता डॉल्फिनची मादी घ्या. ती वयात यायलाच साधारण दहा वर्षं लागतात. मग सुमारे तीन वर्षांतून एक पिल्लू, तेही एकटं. सगळं चांगलं असलं तर शंभर डॉल्फिनच्या कळपात वर्षाला फार तर चारची भर पडते, असं अभ्यासक धरतात.

आता समजा, एखाद्या किनाऱ्यावर कमीत कमी पाचशे डॉल्फिन आहेत. हा आकडा आम्ही हिशोबापुरता घेतलाय. चार टक्के वाढीतला अर्धाच भाग धरायचा, म्हणजे दोन टक्के. पाचशेचे दोन टक्के म्हणजे दहा. पण जात संकटात असेल तर आणखी जपून राहायचं म्हणून त्याचाही दहावा भागच धरायचा. उरला एक. म्हणजे त्या अख्ख्या किनाऱ्यावर, सगळ्या बोटी आणि सगळी जाळी धरून, वर्षाला माणसाच्या हातून एक डॉल्फिन मेला तर कळप सावरेल. त्याहून जास्त मेले तर सावरायची खात्री नाही.

पाहा, गंमत इथं आहे. शेकडो बोटी समुद्रात जातात. एका बोटीला पाच-दहा वर्षांत एखादाच डॉल्फिन सापडत असेल. त्या तांडेलाला वाटतं, एखाद्यानं काय होतंय? त्याच्या जागी त्याचं खरंच आहे. पण शंभर बोटींचे ते एक-एक जमा केले की कळप हळूहळू संपतो. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, कुणाला दिसलेलंही नसतं. सगळ्यांची बेरीज मांडल्यावरच ते दिसतं.

ही बेरीज काही अभ्यासकांनी अख्ख्या हिंदी महासागरासाठी मांडली. ती २०२० साली छापली गेली. भारत, श्रीलंका, पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया इथं झालेल्या दहा नोंदी-मोहिमांवरून त्यांनी पाहिलं, की कुपा म्हणजे ट्यूना माशासाठी टाकलेल्या पडद्यासारख्या जाळ्यांत, दर हजार टन माशांमागं किती डॉल्फिन येतात. त्यावरून अंदाज काढला. १९५० ते २०१८ या काळात सुमारे ४१ लाख लहान देवमासे आणि डॉल्फिन या जाळ्यांत सापडले असावेत. २००४ ते २००६ च्या सुमारास वर्षाला जवळजवळ एक लाख, आणि अलीकडे वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास. हा अंदाज आहे, नेमका आकडा नव्हे. नोंदी थोड्या आहेत हे ते अभ्यासकही सांगतात. पण अंदाज निम्मा चुकला असं धरलं तरी उरलेला आकडा झोप उडवणारा आहे.

आणि नुसती मोजणी करून हात बांधून बसलं तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. मेक्सिको देशाच्या एका आखातात व्हाकिता नावाचा छोटा पॉर्पॉइज राहतो. जगात दुसरीकडं कुठंच नाही. १९९७ साली ते सुमारे ५६७ असतील असा अंदाज निघाला. दुसऱ्याच एका माशासाठी टाकलेल्या जाळ्यांत ते मरत राहिले. मोजणी दर काही वर्षांनी होत राहिली, आकडा खाली येत गेला. आज दहाच्या आसपास उरलेत. जाळी बंद करण्याचे हुकूम निघाले, पण मच्छीमारांच्या पोटाची दुसरी सोय नीट लागली नाही आणि चोरून मासेमारी चालू राहिली.

म्हणून मैत्रिणींनो, आता दुसरी बाजूही ऐकायला हवी. ती आपल्या जवळची आहे.

सिंधुदुर्गातल्या मच्छीमाराला विचारलं तर तो सांगतो, डॉल्फिन आमच्या जाळ्यातले मासे ओढून खातो, जाळं फाडतो. एक जाळं फाटलं की हजारो रुपयांचा खड्डा पडतो. ते शिवत बसण्यात घरच्या बायकांचे दिवस जातात. त्या दिवशी मासळी कमी आली तर बाजारात बसणाऱ्या बाईची टोपली रिकामी राहते. डॉल्फिन वाचावा हे त्यालाही वाटतं. पण त्याचा खर्च एकट्या त्यानंच का सोसायचा?

हे आपल्याला नवं आहे का? आपल्या कापसात, तुरीत रानडुकरं शिरतात. हरणांचे कळप कोवळं पीक खातात. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे, त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण पेरलेलं बी पाखरांनी वेचलं तर दुबार पेरणीचा खर्च कुणाचा? २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा महिनाभर बायका शेतात जायला घाबरत होत्या. जनावर वाचवायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि नुकसान एकट्या शेतकऱ्यानं भोगायचं, हा न्याय नाही. पंचनामा वेळेवर झाला, पैसे वेळेवर मिळाले, तर माणूस जनावरावर राग धरत नाही. उशीर झाला की रागाचं विष होतं.

कोकणात यावर एक चांगलं पाऊल पडलं. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं, की संरक्षित समुद्री जीव जाळ्यात सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त २५ हजार रुपये मिळतील. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून हे पाहतात. मच्छीमारानं सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचे. या योजनेतून कासवं, व्हेल शार्क असे कितीतरी जीव परत समुद्रात गेले.

यात आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, जाळं कापणाऱ्याला गुन्हेगार न धरता मदतनीस धरलंय. कायद्याच्या भीतीनं माणूस मेलेला जीव गुपचूप पाण्यात ढकलतो, मग नोंद होत नाही. भीती गेली की तो सांगतो, आणि सांगितलं की मोजता येतं. दुसरी गोष्ट, प्रत्येक फोटो ही एक नोंद होते. कुठं, कधी, कुठल्या जाळ्यात. म्हणजे भरपाईही होते आणि मोजणीही होते.

पण या योजनेची एक मर्यादा आहे. डॉल्फिन बहुतेक वेळा जिवंत सापडतच नाही. कासव बराच वेळ तग धरतं, डॉल्फिन धरत नाही. म्हणून तो अडकूच नये यासाठी काय करता येईल, हे पाहावं लागतं.

त्यावरही काम झालंय. पाकिस्तानात कुप्याच्या मासेमारीत जाळं पाण्याच्या वरच्या थराला न लावता सुमारे दोन मीटर खाली सोडून पाहिलं. डॉल्फिन अडकण्याचं प्रमाण फारच खाली आलं. डॉल्फिन हवेसाठी वर येतो, वरचा थर मोकळा मिळाला की तो निसटतो. मासळी थोडी कमी-जास्त झाली, पण धंदा बुडाला नाही. एवढा साधा बदल, आणि तो मच्छीमारांनीच बोटीवर करून दाखवला. दुसरा उपाय म्हणजे ठराविक जागा किंवा ठराविक महिने जाळ्यांपासून मोकळे ठेवणं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ती माशांच्या विणीसाठी असते, पण त्या काळात समुद्रालाही विसावा मिळतो.

आता मोठ्या बाजाराची गोष्ट. अमेरिकेतही १९७२ सालीच समुद्री सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. २०१६ मध्ये त्यांनी त्यात नियम आणला. दुसऱ्या देशांनी आम्हाला मासळी विकायची असेल, तर तुमच्या मासेमारीत हे प्राणी किती मरतात ते मोजा आणि ते कमी करण्यासाठी काय करता ते दाखवा. नाहीतर त्या मासेमारीचा माल घेणार नाही. मुदत अनेकदा पुढं ढकलली गेली, शेवटी १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरली. कासवांच्या बाबतीत असं आधीच घडलंय. आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांत कासव सुटायची चौकट बसवलेली नाही म्हणून समुद्रातून धरलेली आपली कोळंबी अमेरिकेनं काही वर्षांपासून घेणं बंद केलं.

परक्या देशाच्या दटावणीनं का होईना, मोजणीला वेग आला, हे चांगलं. पण एक काळजी वाटते. निर्यात करणारा मोठा व्यापारी कागद जमवून मोकळा होतो. नियमाचा भार उतरंडीत खाली येत येत छोट्या होडीवाल्यावर आणि टोपली घेऊन बसणाऱ्या कोळणीवर बसू नये. नुकसान कुणाच्या जाळ्यानं जास्त होतं ते आधी मोजावं, मग नियम करावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारनं पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर बंधनं घातली, तेव्हा पारंपरिक मच्छीमारांचं हेच म्हणणं होतं, की मोठ्या जाळ्यांनी मासळी संपते आणि उपाशी आम्ही राहतो. मासळी संपली की डॉल्फिनही उपाशी राहतो. या बाबतीत छोटा मच्छीमार आणि डॉल्फिन एकाच नावेत आहेत.

मोजणीचं मोल आपल्या बीडच्या बायकांना कुणी शिकवायला नको. आपल्याकडं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. त्यात बाई वेगळी मोजली जात नाही. मोजली जात नाही म्हणून तिची मजुरी वेगळी दिसत नाही, तिचं आजारपणही दिसत नाही. २०१९ साली गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न गाजला. गावागावांत ते सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणं म्हणजे नुसती कुजबुज होती. मग जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा समोर आला तेव्हाच सरकारला उत्तर द्यावं लागलं. बाईची आणि डॉल्फिनची आम्ही बरोबरी करत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की जे मोजलं जात नाही त्याचं दुःख कुणाच्या वहीत चढत नाही. आणि नुसतं मोजून वही मिटली, तर मोजलेल्याला त्याचा काही उपयोग नाही.

आता आपण काय करायचं? समुद्र लांब आहे, पण माजलगावचं धरण जवळ आहे, मांजरा धरण जवळ आहे, तलाव आहेत, गोदावरीचा काठ आहे. तिथं आपलेच भाऊबंद मासेमारी करतात. त्यांच्याशी तीन गोष्टी बोलता येतील.

पहिली, फाटलेलं नायलॉनचं जाळं पाण्यात किंवा काठावर टाकू नका. ते वर्षानुवर्षं कुजत नाही. मालक घरी गेला तरी जाळं मारतच राहतं. पाणकोंबड्या, पाणसाप, कासवं त्यात अडकतात. घरी आणून भंगारात द्या किंवा परसात वेलीला मांडव करा.

दुसरी, जाळ्यात कासव आलं तर हळू सोडवून पाण्यात सोडा. कासवही हवेत श्वास घेतं, बुडालेल्या जाळ्यात तेही गुदमरतं. गोड्या पाण्यातल्या कितीतरी कासवांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना घरात टाकीत ठेवणं किंवा विकणं गुन्हा आहे. जखमी वन्यजीव दिसला तर वन विभागाचा १९२६ हा नंबर लावा.

तिसरी, नोंद ठेवा. ज्या गटांच्या घरी मासेमारी आहे त्यांनी बचतीच्या वहीसारखीच एक वही करावी. आज कुठलं जाळं टाकलं, किती आणि कुठले मासे आले, नको असलेलं काय आलं, ते जिवंत सोडलं का. दोन वर्षांनी त्या वहीतून कळेल की कुठले मासे कमी झाले आणि कधी. उद्या धरणाचा ठेका, मत्स्यबीज, नुकसानभरपाई यावर बोलायची वेळ आली तर हातात आकडा असेल. शाळेत जाणाऱ्या मुलींनी ही वही लिहिली तर आणखी चांगलं.

आणि शेवटचं, बाजारात सुकट घेताना दोन शब्द विचारायला काय जातं? कुठली आहे, कुठल्या जाळ्याची आहे? विकणाऱ्याला माहीत नसेल. पण दहा जणींनी विचारलं तर तो व्यापाऱ्याला विचारेल. असंच विचारता विचारता आपण खतांच्या पोत्यावरची तारीख वाचायला शिकलो, औषधांच्या पाकिटावरची किंमत वाचायला शिकलो.

या विषयावर तुमच्या गटात काय बोलणं झालं, तुमच्या तलावात कोणते मासे पूर्वी होते आणि आता दिसत नाहीत, हे आम्हाला नक्की कळवा. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. त्यांच्या आठवणीतली नावं कागदावर आली नाहीत, तर तीही मोजायची राहून जातील.

चला, आज इथंच थांबतो. काळजी घ्या. नमस्कार.